म्हणायची गाणी, ऐकायची गाणी

पत्राचा सारांश : कोथरूडला राहणाऱ्या एका ताईंचं हे पत्र आहे. वय ५८, बँकेतून निवृत्त, गाण्यात विशारद. जानेवारीपासून त्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून दोन रविवारी समूहगायनाची कार्यशाळा घेतात. सुरुवातीला ३४ जण यायचे, आता जेमतेम १५ येतात. आत्तापर्यंतचे विषय होते भावगीतं, नाट्यगीतं, देशभक्तीची गाणी आणि पाऊस. ज्येष्ठांना जुनं हवं, तरुणांना हिंदी. व्हॉट्सॲपवर यादी मागवली तर सत्तरहून जास्त गाणी आली आणि दोन सोडता एकही गाणं दोघांनी सुचवलेलं नव्हतं. प्रत्यक्ष बसल्यावर तीन-चार चांगले गळे गातात, बाकीचे ओठ हलवतात. एक बाई ‘दर वेळी शेवट आरतीनंच का?’ असं विचारून यायच्या थांबल्या. ताई विचारतात : सगळ्यांना आवडतील अशी गाणी आणि विषय निवडायचे कसे? आणि सगळ्यांना सोबत घ्यायचं म्हणजे दर्जा खाली आणायचा का?

प्रिय ताई,

‘सगळ्यांना आवडेल असं गाणं सापडत नाही,’ हे वाक्य तुमच्या पत्रात चार वेळा आलंय. चौथ्यांदा वाचलं तेव्हा मी त्यातल्या ‘आवडेल’खाली पेन्सिलीनं रेघ मारली. आवडीचा प्रश्न विचारला की माणूस ऐकलेली गाणी आठवतो. रेडिओवरची, कॅसेटवरची, मोबाइलमधली. प्रत्येकाचं ऐकणं वेगळं, म्हणून सत्तर जागी सत्तर गाणी. त्या यादीत चूक काही नाही, पण ती श्रोत्यांची यादी आहे आणि तुम्हाला गाणारे हवे आहेत.

आपल्या भाषेत याचं उत्तर फार पूर्वीपासून आहे. आपण आरती म्हणतो, ओवी म्हणतो, पाळणा म्हणतो, भोंडल्याची गाणी म्हणतो. ख्याल मात्र गातो, नाट्यपद गातो. लहान मुलाला ‘गाणं म्हणून दाखव’ असंच सांगतो. ‘म्हणायला’ गळा लागत नाही, तोंड लागतं. गणपतीत आरती सुरू झाली की ‘माझा आवाज चांगला नाही’ असं सांगून कुणी बाजूला होत नाही. तीच माणसं तुमच्या हॉलमध्ये आली की गप्प होतात. ती मुळात गात नाहीत असं नाही. तुमच्याकडे ती जी गाणी घेऊन बसतात, ती त्यांनी आयुष्यभर फक्त ऐकलेली असतात.

पुण्यात ही गोष्ट जास्तच जाणवते. १९५३ साली पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि तेव्हापासून या शहरातल्या कितीतरी घरांनी डिसेंबरच्या थंडीत बसून गाणं ऐकलं. त्यानं आपले कान घडले, याचा मला अभिमान आहे. पण घडलेला कान स्वतःच्या गळ्यावर फार कडक नजर ठेवतो. सूर कुठे लागायला हवा हे नेमकं कळतं, तो तिथे लागत नाही हेही कळतं, आणि माणूस तोंड मिटतो. तुमच्या ओठ हलवणाऱ्या मंडळींत असे बरेच जण असणार. त्यांना मोठ्या गायकांची गाणी दिलीत तर ते मनातल्या मनात मूळ गाणं ऐकत बसतील.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या सभागृहात तीस जणांसाठी मी माझं अतिशय लाडकं नाट्यपद निवडलं होतं. दुसऱ्या बैठकीपर्यंत तिघी गात होत्या आणि बाकीचे मनापासून ऐकत होते. पद संपल्यावर टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांनी मी सुन्न झाले. कार्यशाळेत टाळ्या वाजल्या याचा अर्थ माझ्या गटातले सत्तावीस लोक प्रेक्षक झाले होते, आणि त्यांना तसं मी केलं होतं.

म्हणून पहिली सूचना : यादी पुन्हा मागवा, पण प्रश्न बदलून. ‘कोणतं गाणं आवडतं?’ याऐवजी ‘कोणत्या गाण्याच्या ओळी तोंडपाठ आहेत?’ असं विचारा. दुसरा प्रश्न, ‘घरात कोण म्हणायचं आणि काय म्हणायचं?’ शक्यतो व्हॉट्सॲपवर नको, प्रत्यक्ष बसून विचारा, कारण लोक उत्तर देता देताच ते गाणं म्हणून दाखवतील. मी हे केलं तेव्हा आजीनं दळताना म्हटलेली ओवी निघाली, शाळेची प्रार्थना निघाली, शिबिरातलं गीत निघालं, एका गृहस्थांना वडिलांच्या भजनी मंडळातला अभंग आठवला. त्या यादीत एकच गाणं सहा-सहा जणांकडून आलं होतं.

आता गाण्यांची पारख. एखादं गाणं समूहाचं आहे की एकट्याचं, हे ठरवताना मी एकच गोष्ट बघते : त्यात इतरांसाठी जागा ठेवली आहे का? पोवाड्यात शाहीर एकटा गातो, पण ‘जी जी रं जी’ म्हणत झील धरणारे, म्हणजे मागून ओळ उचलणारे साथीदार, नसतील तर पोवाडा उभाच राहत नाही. भजनात विणेकरी चरण उचलतो आणि टाळकरी ध्रुवपद झेलतात. कव्वालीत मागच्या रांगेच्या टाळ्या आणि उचल हा गाण्याचाच भाग असतो. भोंडल्याच्या गाण्यांत तर रचनाच अशी की एक लिंबू झेललं की पुढच्या कडव्यात दोन येणार हे नवख्यालाही कळतं. दुसऱ्या फेऱ्यात तो गाण्यात शिरलेला असतो. या सगळ्या रचना माणसांनी माणसांत राहून घडवल्या. भावगीताचा जन्म वेगळा. ते एका मनातलं बोलणं आहे आणि ते एकट्यानं ऐकण्यात त्याची गोडी आहे. तुमच्या ‘पाऊस’ या विषयाचं काय झालं असेल ते मला इथे बसून दिसतं. पावसाची बहुतेक लोकप्रिय गाणी विरहाची नाहीतर प्रेमाची, म्हणजे एकेकट्याचीच.

ज्येष्ठांच्या यादीत गीतरामायण असणारच. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एकेक नवं गीत आलं, एकूण ५६. त्यांच्यासाठी त्यात बालपण आहे. त्यांना नाही म्हणू नका. पण त्यातली बहुतेक गीतं एकेका पात्राच्या तोंडची आहेत, त्या त्या क्षणी त्याच्या एकट्याच्या मनातली. ‘सेतू बांधा रे सागरी’ मात्र वानरांचं आहे. शेकडो जण दगड वाहताना, काम करता करता म्हणतात ते. ते घ्या. ज्येष्ठांचं मन राखलं जाईल आणि तुमच्या पंचविशीतल्या मुलांनाही ठेका धरता येईल.

पट्टीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण ‘पुरुष बेसूर होतात’ असं एक वाक्य आहे. मला खात्री वाटते की ते बेसूर नाहीत, त्यांना जागा मिळत नाही. तुम्ही काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी षड्ज (‘सा’) धरून, शिकला असाल, आणि सवयीनं सगळी गाणी तिथेच लावत असाल. बिनतालमीच्या गळ्याला साधारण एक सप्तक आणि त्यावर एखाददुसरा सूर एवढंच आरामात फिरता येतं. बायकांचं ते अंतर हार्मोनियमच्या मधल्या सप्तकाखालच्या पांढरी पाच-सहापासून मधल्या काळी पाचपर्यंत असतं. पुरुषांचं बहुधा तेच, पण एक सप्तक खाली. काळी चारमध्ये अंतरा तार गंधारावर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘ग’वर, गेला की तुमचा गळा सहज जातो आणि खोलीतली अर्धी तोंडं मिटतात. पुरुष तर अशा वेळी ना वर राहतात ना खाली, मधेच कुठेतरी सूर शोधत राहतात.

तेव्हा पट्टी स्वतःच्या गळ्यावरून ठरवू नका, गाण्यावरून ठरवा. आधी गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधा. षड्जापासून तार षड्जापर्यंत जाणारं गाणं काळी चार किंवा पांढरी सहाला नीट बसतं. मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या ‘प’पासून) मध्य धैवतापर्यंत (मधल्या ‘ध’पर्यंत) फिरणारं गाणं त्या पट्टीत फार खाली जाईल, ते पांढरी एक किंवा काळी एकला घ्या. दीड सप्तकाचा पल्ला असलेलं गाणं कुठल्याच पट्टीत सगळ्यांना पेलत नाही. ते कितीही सुंदर असलं तरी बाजूला ठेवा. पुरुषांना स्पष्ट सांगा की त्यांनी खालच्या सप्तकात म्हणायचं आहे आणि एकदा त्यांना एकट्यांना म्हणायला लावा. आपला सूर मिळाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते पाहण्यासारखं असतं.

कराओके ट्रॅक बंद करा, हेही आग्रहानं सांगते. ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत आणि मूळ लयीत असतो. त्याची पट्टी ॲपवर बदलता येईलही, पण तो तुमच्या माणसांसाठी श्वासाला थांबणार नाही. तानपुऱ्याचा सूर, एक ढोलकी किंवा टाळ, तेही नसेल तर हातानं टाळी, एवढं पुरे.

आता विषय. तुम्ही विषय म्हणजे गाणी ‘कशाबद्दल’ आहेत ते धरता. मी विचारते, गाणं म्हणताना लोक काय करत असतात? काही गाणी चालताना म्हणतात, काही फेर धरून, काही दळताना, काही मूल झोपवताना, काही पहाटे दारात उभं राहून. विषय असा धरला की त्यातली गाणी आपोआप समूहाची निघतात आणि शरीरालाही काही काम मिळतं.

हा जून आहे, तेव्हा पुढच्या बैठकीसाठी ‘चालण्याची गाणी’ घ्या. माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत दोन रात्री मुक्कामी असते. तुमच्यातल्या अनेकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून दिंड्या पाहिल्या असतील. या वेळी पाहण्याऐवजी हॉलमध्ये दोन रांगा करा, समोरासमोर, मध्ये विणेकऱ्याच्या जागी कुणाला तरी उभं करा, आणि एक अभंग पावलं टाकत म्हणा. मोठ्या अभंगाची बांधणी बघा : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. इतके छोटे तुकडे की धाप लागणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजोबांनाही श्वास पुरतो, चालताना तर जास्तच. चाल पारंपरिक घ्या, मैफलीतली नको. मैफलीत त्याच अभंगावर आलापी आणि ताना चढलेल्या असतात आणि लोक पुन्हा श्रोते होतात.

अश्विनात फेराची गाणी घ्या. पाटावर हत्ती काढा, ‘ऐलमा पैलमा’नं सुरुवात करा, पुरुषांनाही फेरात घ्या, खिरापत ओळखायला लावा. घराघरांत शब्द वेगळे निघतील आणि ‘आमच्याकडे असं म्हणतात’ यावरून वाद होतील. ते होऊ द्या. कोणाचं बरोबर हे ठरवत बसू नका, दोन्ही पाठ म्हणा. एखादीला सासुरवासाच्या ओळी आज म्हणाव्याशा वाटणार नाहीत. तिला त्याबद्दल बोलू द्या, दहा मिनिटं गेली तरी चालतील.

आणि ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी पुण्यात राहून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी मुळशीसारख्या जवळच्या डोंगराळ भागातल्या बायकांनी सांगितलेल्या आहेत. कोथरूडहून ती गावं तासाभराच्या वाटेवर. ओवीचा मोठा गुण असा की चाल एकदा तोंडात बसली की शब्द ज्याचे त्याचे. एखाद्या रविवारी प्रत्येकाला स्वतःची एक ओवी रचायला सांगा, आईवर, लेकीवर, नवऱ्याच्या गुडघ्यावर, पुलावरच्या गर्दीवर, कशावरही. पहिली ओळ एकानं म्हणायची, पुढची सगळ्यांनी उचलायची. गाण्यांच्या निवडीवरून भांडायला त्या दिवशी जागाच राहत नाही.

तरुणांच्या हिंदीबद्दल फार काळजी करू नका. हिंदीतही झील असलेली, ठेक्याची, घोळक्यात म्हणायची गाणी भरपूर आहेत. जागेची आणि पल्ल्याची कसोटी तीच लावा आणि दर वेळी एक घ्या. त्याहून मला ‘पाळणे आणि अंगाई’ हा विषय जास्त सुचवावासा वाटतो. तुमच्या सोसायटीत कन्नड, तेलुगू, मल्याळी, हिंदी बोलणारी घरं असतीलच. त्यांना आपल्या आईची अंगाई घेऊन यायला सांगा. अंगाईचा पल्ला बहुधा चार-पाच सुरांचा असतो, शब्द फिरून फिरून तेच येतात, परकी भाषाही दहा मिनिटांत तोंडात बसते.

एका बैठकीत गाणी तीनच घ्या : एक सगळ्यांच्या तोंडातलं, एक अर्धवट आठवणारं, एक नवं. नवं गाणं कागद न देता, ओळ ओळ म्हणून घेऊन शिकवा. कागद शेवटी, मोठ्या अक्षरांत. या वेळचं नवं पुढच्या वेळी अर्धवट आठवणारं होतं. असं चाललं तर दिवाळीपर्यंत तुमच्या गटाची स्वतःची आठ-दहा गाणी तयार होतील, कागदाशिवाय म्हणता येतील अशी.

दर्जाचा तुमचा प्रश्न मला मनापासून भिडला, कारण तुम्ही इतकी वर्षं शिकलात ते वाया जाईल की काय अशी भीती त्यात आहे. ताई, पंचवीस माणसांनी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकाच वेळी येणं, एकाच वेळी श्वास घेणं, ओळीचं शेवटचं अक्षर एकत्र सोडणं, जोर न लावता हळू म्हणणं हे करून बघा. एका ख्यालाइतकंच अवघड आहे ते. म्हणायचं गाणं म्हणजे कसंही म्हटलेलं गाणं असा अर्थ मी कुठेही धरलेला नाही. साध्या अभंगावर तुम्हाला पुष्कळ काम करता येईल. अर्ध्या गटाला षड्जावर ‘विठ्ठल विठ्ठल’ धरायला सांगा, अगदी दबक्या आवाजात, आणि उरलेल्यांना त्यावर अभंग म्हणू द्या. मग अदलाबदल. षड्ज धरणाऱ्यांचे कान किती तीक्ष्ण होतात ते तुम्हाला दोन बैठकींत दिसेल. त्या तीन-चार चांगल्या गळ्यांना एकत्र बसवू नका, गटात विखरून बसवा. शेजारचा सूर ऐकून माणूस जितकं शिकतो तितकं समोरून ऐकून शिकत नाही. त्यांना वाईट वाटेल असं वाटत असेल तर कधी चरण उचलायचं काम त्यांच्याकडे द्या, पण आळीपाळीनं, आणि इतरांनाही.

शेवटी त्या बाईंबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘आरतीला कुणाची हरकत असेल असं वाटलंच नव्हतं.’ हे मी समजू शकते, आपल्याला जे रोजचं असतं ते सगळ्यांचं आहे असं आपण धरून चालतो. पण त्यांनी गाण्याला हरकत घेतलेली नाही. त्यांनी ‘दर वेळी’ असं विचारलं. आरती ही पूजा आहे. ती म्हणायला लावणं म्हणजे पूजेत सामील व्हायला लावणं. कुणाचा देव वेगळा असतो, कुणी देव मानत नाही, कुणाच्या घराण्याला देवळाच्या दाराबाहेर उभं केल्याची आठवण असते. तुमचा हॉल सोसायटीचा आहे, तिथे यायला कुणाला मनात काही दडपावं लागू नये. आरती गणपतीत होईलच. कार्यशाळेच्या शेवटी ती ठेवू नका.

याचा अर्थ संतांची गाणी सोडायची असा मी घेत नाही, चालण्याच्या गाण्यांत अभंग मीच सुचवलाय. भक्तिगीत आधी सांगून घ्या, आणि ज्यांना म्हणायचं नसेल त्यांनी टाळ धरावा किंवा नुसतं बसावं, कारण विचारलं जाणार नाही, हेही सांगा. सोबत दुसरं काही ठेवा. महात्मा जोतीराव फुल्यांनी याच पुण्यात अभंगाच्याच घाटात ‘अखंड’ लिहिले, शेवटी ‘जोती म्हणे’ अशी नाममुद्रा घालून, आणि त्यात सत्याची आणि माणसामाणसांतल्या समतेची गोष्ट सांगितली. ‘सत्य सर्वांचे आदि घर’ आजही सभांमधून समूहानं म्हटलं जातं. तुकोबांचा अभंग आणि जोतीरावांचा अखंड एकाच बैठकीत, एकाच भजनी ठेक्यात म्हणून बघा. समाप्तीला काही ठरावीक हवंच असेल तर ज्याच्या त्याच्या पाळीनं प्रत्येकाला निवडू द्या.

आणि त्या बाईंना फोन करा. परत या असा आग्रह नको. त्यांचा प्रश्न रास्त होता एवढं सांगा, आणि त्यांच्या घरात कोण काय म्हणायचं ते विचारा. त्यांनी फोनवरच दोन ओळी म्हटल्या, तर लिहून घ्या.